तुझी मूठ टोपलीत पडली तो दिवस

आत्या, तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. सातासमुद्रापलीकडच्या त्या बायकांचं आणि तुझं काही नातं आहे, हे मी तुला वहीतून वाचून दाखवलं, अंगणात काडीने त्यांच्या वर्षाच्या सणांचं चाक काढून दाखवलं. तू प्रत्येक वेळी विडीचा धूर बाजूला सोडायचीस आणि म्हणायचीस, "असन बापा त्यायचं. मायं काय त्याच्याशी?" दिवाळीच्या सुट्टीत हे भांडण अर्धं टाकून मी चंद्रपूरला परत गेले. वाटलं, पुढच्या वेळी जिंकेन. पुढची वेळ तू ठेवली नाहीस.

आज तुला मातीत ठेवून नववा दिवस. आई-बाबा घरात आहेत, पण या गोष्टी बोलायला मला तूच होतीस, म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. मी अभ्यास करायचे तेव्हा तू शेजारी बसून म्हणायचीस, "लिव्ह, आन् मंग वाचून दाखव." तसंच समज.

लोकांना वाटतं मी तुझ्याकडून झाडपाला शिकले. खरं तर मी थांबायला शिकले. साल काढायच्या आधी तू झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहायचीस. मला मुंग्या चावायच्या, मी चुळबुळ करायचे. "काऊन थांबून राह्यली आत्या?" "विचारून राह्यली त्याले." "काय म्हणते मंग?" "तू चूप बसशीन तं ऐकू येईन न." मग एकाच बाजूची, तळहाताएवढी साल. त्याहून जास्त नाही. बिन विचारता घेतलं तर ते औषध राहत नाही, चोरी होते, हे तुझं सांगणं मला आजही एखाद्याचं पुस्तक उचलताना आठवतं.

मी तिसरीत होते तेव्हा चैतूभाऊंचा मनू तापाने फणफणला. तू काढा दिलास आणि त्याच दमात सांगितलंस, "हा ताप माया हातातला नाई. दवाखान्यात न्या." नदीला पूर होता, पलीकडे न्यायला डोंगा, म्हणजे नाव, लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी मनू गेला. चैतूभाऊंनी आधी पुराला शिव्या दिल्या, मग दवाखान्याला. पण पूर ओसरला, दवाखाना लांब होता आणि तू समोरच्याच घरात होतीस. आठ दिवसांत गावात शब्द फिरला. तो शब्द कोणी तुझ्या तोंडावर म्हणत नसे. तू विहिरीवर गेलीस की मात्र बायकांच्या बादल्या लवकर भरायच्या.

त्या वर्षी बीज पंडुमला तुझी मूठ घेतली नाही.

कॉलेजात मला विचारतात, बीज पंडुम म्हणजे काय. मी सांगते, पेरणीच्या आधीचा आमचा सण. प्रत्येक घरातून मूठभर बियाणं पळसाच्या द्रोणात येतं, गावाच्या मोहाच्या झाडाखाली भूमया, म्हणजे गावाचा पुजारी, ते एका टोपलीत ओततो, देवाला दाखवतो, हाताने ढवळतो आणि त्यातलं पुन्हा घराघरांत वाटतो. ते आपल्या बियाण्यात मिसळायचं आणि मगच पेरायचं. म्हणजे प्रत्येकाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, सगळ्या गावाचं थोडं थोडं धान उगवतं. कोणाच्या बियाण्याला कोणाची हरकत असेल, तर ढवळायच्या आधी आपली मूठ उचलून त्याने घरी जायचं. एकाने जरी मूठ उचलली, तरी गावाचं बियाणं फुटलं असं समजतात. चैतूभाऊंनी सांगून टाकलं होतं, तिची पडली तर माझी उचलीन. भूमया काय करणार?

अकरा वर्षं, आत्या. दरवर्षी तू द्रोण भरून न्यायचीस, मोहाच्या सावलीच्या जरा बाहेर उन्हात उभी राहायचीस. वाटप संपलं की द्रोण तसाच घेऊन परत यायचीस आणि तुझं धान तुझ्या तुकड्यात एकटंच पेरायचीस. मी तुझ्यासोबत यायचे. एकदा मी रागाने विचारलं, "घेतच नाई तं नेते कायले?" तू म्हणालीस, "घ्याचं का नाई थे त्यायचं काम. नेयाचं काम मायं." मला तेव्हा तुझा राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

मग मी कॉलेजात आले. वसतिगृहात प्रज्ञा माझ्या खोलीत आली. ती चिमूरची. तिच्या घरात आजोबांपासून सगळे शिकलेले. तिच्या आजोबांनी स्वतःचा धर्म स्वतः निवडला, हे ती अशा थाटात सांगायची की मला हेवा वाटायचा. दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी जगातल्या लहान लहान धर्मांवर एकेकाला निबंध दिला. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, विक्का.

"विक्का?" प्रज्ञा म्हणाली, "हे काय वं, बिस्किटाचं नाव आहे का?"

मलाही माहीत नव्हतं. वाचनालयात इंग्रजी लेख समोर ठेवून मी एकेक शब्द कोशात शोधायचे. एक पान वाचायला दुपार जायची. आणि मग हळूहळू माझ्या अंगावर काटा यायला लागला. हा नवा धर्म. गेल्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात उभा राहिला, तिथून पसरला. त्यातले बरेच लोक स्वतःला तोच शब्द लावतात, जो आपल्या गावात तुझ्या पाठीमागे फिरायचा. आणि अभिमानाने लावतात! ते सैतानाला पूजत नाहीत, सैतान त्यांच्या धर्मात नाहीच. एक देवी मानतात आणि शिंगांचा एक देव, रानाचा आणि जनावरांचा. चंद्राच्या तीन कळांत देवीची तीन रूपं पाहतात, पोर, आई आणि म्हातारी. माती, वारा, आग, पाणी यांना चार दिशांना बोलावतात, जमिनीवर रिंगण आखतात आणि ते रिंगणच त्यांचं देऊळ. विधी संपला की रिंगण मोडतात. सगळ्यांसाठी एक पोथी नाही, सगळ्यांवर एक गुरू नाही. कोणी लहान गटात जमतात, कोणी एकटेच सगळं करतात. मंत्रतंत्र करतात, हो, पण त्यांचा जादूचा अर्थ म्हणजे मन एका ठिकाणी लावून काही चांगलं घडावं अशी इच्छा धरणं. आणि सगळ्यावर एक नियम. कोणाचं वाईट होत नसेल, तर तुझ्या मनासारखं कर. त्यांच्यातले पुष्कळ जण असंही मानतात की जे दुसऱ्याला पाठवाल ते तिप्पट होऊन आपल्याकडे परत येतं.

आत्या, मी वाचनालयात बसून तुझं नाव घेतलं. मोठ्याने. समोरच्या मुलीने वर पाहिलं.

मग मी ती चूक केली. कोणाचा द्वेष म्हणून नाही, उलट जीव ओतून केली, म्हणून ती जास्त बोचते. मी निबंधाला नाव दिलं, 'माझी आत्या चेटकीण आहे'. मला वाटलं, त्या परदेशी बायकांनी जसा तो शब्द उचलून डोक्यावर धरला, तसा मीही धरते. आत सगळं लिहिलं होतं, तुझा झाडाला विचारणारा हात, तुझा उन्हातला द्रोण, तुझ्यावरचा अन्याय. सरांना आवडला. भिंतीवरच्या फळ्यावर लागला. प्रज्ञाने कौतुकाने फोटो काढून स्टेटसला ठेवला. फोटोत निबंध कुठला मावतो? मोठ्या अक्षरातलं नाव मावलं आणि खाली माझं नाव.

तो फोटो दोन दिवसांत गावात पोहोचला. गावात नेटवर्क नाही, फक्त टेकडीवर येतं, पण असल्या गोष्टीसाठी लोक टेकडी चढतात.

आणि वेळ कोणती, तर पंडुमच्या आधीची. त्याच वर्षी भूमयाने तुला निरोप धाडला होता, "औंदा दोना घेऊन ये मंगलीबाई, पाहू." त्याच्या गुडघ्याला तुझं तेल लागत होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षांनी एक फट पडली होती आणि मी माझ्या शिकलेल्या हाताने ती बुजवली. बाबाने फोनवर एवढंच सांगितलं, "चैतूच्या हातात तुया फोटो आहे. म्हणते, आता तं तिची भासीच लिहून देऊन राह्यली."

प्रज्ञा रडली. म्हणाली, "मले काय माहीत वं, मी तं चांगल्यासाठी टाकला." मीही चांगल्यासाठीच लिहिलं होतं. मग तीच उठली आणि माझी पिशवी भरायला लागली. "जाय. अख्खा निबंध घेऊन जाय. फोटोत नाई मावला तं तू वाचून दाखव."

तू शिव्या देशील असं धरून मी एसटीतून उतरले. तू अंगणात टोळ फोडत होतीस, मोहाच्या बिया, तेलासाठी. मी पाया पडले आणि तशीच वाकून राहिले.

"ऊठ. कंबर मोडन."

"आत्या, मी तुयासाठी..."

"माहीत आहे मले." तरी मी त्या परदेशी बायकांचं सगळं सांगितलं. तू दगड खाली ठेवलास. "थ्या बाया तो शब्द आपल्या अंगावर घेते म्हणतेस. घेवो. त्यायनं धुतला असन तो त्यायच्या नदीत. आपल्या नदीत अजून नाई धुतला गेला, पोरी. इथी त्या शब्दानं बाया मारते."

मी तीन महिने वाचलं होतं, आत्या, आणि एवढं एक वाक्य मला कुठल्या पानावर सापडलं नव्हतं. तरी मी हट्टी. मी म्हटलं, "पण कोणी तरी धुतल्याशिवाय तो धुतला कसा जाईन?" तू हसलीस. "हे बी खरं हाय म्हणा." आणि परत टोळ फोडायला लागलीस. आपलं भांडण तिथून सुरू झालं, ते असं.

पंडुमच्या सकाळी तू द्रोण भरलास. दरवर्षीसारखाच. मी निबंध घेतला. आई दारातून हलेना. बाबा पुढे झाला, मग तू, मग मी.

मोहाखाली सगळं गाव होतं. तू उन्हात उभी राहिलीस. चैतूभाऊ लगेच उठले, हातात फोन. "भूमयादादा, आता तं लपवाचं कामच नाई राह्यलं. वाचा हे. कॉलेजात लावलं हाय भितीवर."

भूमया म्हणाला, "मले वाचता येत नाई. जिनं लिवलं थे उभी आहे. तिलेच वाचू द्या."

मी कागद उलगडला. मी नावापासून सुरू केलं, कारण नाव लपवलं असतं तर कोणी पुढचं ऐकलं नसतं. मग मराठीत लिहिलेलं मी आपल्या बोलीत, अडलं तिथे गोंडीत सांगत गेले. इंग्लंड कुठे आहे ते सांगितलं. त्या बायका रानाला देव मानतात, म्हटलं.

"मंग बाकीचे काय मानते?" मागून कोणी तरी विचारलं.

वर्षाचे आठ सण सांगितले. दिवस सगळ्यात लहान असतो तेव्हा एक, सगळ्यात मोठा असतो तेव्हा एक, दिवस आणि रात्र सारखी होते तेव्हा दोन, आणि मधले चार. पहिलं पीक कापतात तेव्हा भाकरीचा सण.

"आठच?" डुल्लोबाई म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी. तिला ऐकू कमी येतं, पण सणांचं येतं. "बिचाऱ्या बाया. नवा आंबा, नवा मोह, नवी भाजी, हे सगळं बिन पुसताच खाते का?"

लोक हसले. मला जरा धीर आला. मी सांगितलं, पूर्णिमेला जमतात, दिवे लावतात, नाचतात. त्यांच्याकडे एक सुरी असते, पण ती काही कापायला वापरायची नाही, फक्त रिंगण आखायला.

"कापत नाई तं तिले धार कायले?" एक जण.

"तुया बायकोले विचार," दुसरा. पुन्हा हशा.

मग मी नियम सांगितला. कोणाचं वाईट करायचं नाही. जे पाठवाल ते तिप्पट परत येतं, असं पुष्कळ जण मानतात. इथे प्रत्येकाने मनात तुझ्या घराकडे पाहिलं. अकरा वर्षांत तुझ्याकडे तिप्पट काय आलं होतं? छप्पर गळत होतं, पण तू धड होतीस. तुझ्या दारात रोगी यायचे, मागच्या बाजूने, अंधार पडल्यावर, पानात काही तरी गुंडाळून न्यायचे आणि बरे व्हायचे. त्यातले निम्मे त्या मोहाखालीच बसले होते.

शेवटी मी कागद खाली केला. "आत्या चेटकीण नाई," मी म्हटलं. "थ्या लोकायचा शब्द मले आवडला, म्हणून मी उचलून आणला. थो इथं काय करते, याचा इचार मी नाई केला. आत्याले मी पुसलं नाई. झाडाले पुसून साल काढाची, हे तिनंच शिकवलं मले, आन् तिलेच मी पुसलं नाई. चुकी मायी आहे."

चैतूभाऊ म्हणाले, "तू लहान आहेस, तुयी चुकी माफ. पण माया मनूचं काय?"

तेव्हा तू सावलीत आलीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा, कोणी बोलावल्याशिवाय.

"चैतू," तू म्हणालीस, "मनूले मी बी अंगाखांद्यावर घेतलं होतं. थो गेला त्या दिवशी मी तुया दारात आली होती. रडाले. तू मले दारातून हाकललं. थे रडणं अजून माया घशात हाय." तुझा आवाज चढला नाही. "मले नाव नोको, चांगलं बी नोको, वाईट बी नोको. माया दोन्यात धान हाय. टोपलीत घेयाचं असन तं घ्या, नाई तं मी पुढच्या साली येतो."

भूमया उठला. त्याने तुझ्या हातातला द्रोण घेतला आणि कोणाला काही कळायच्या आत टोपलीत उपडा केला. आणि लगेच दोन्ही हात घालून ढवळायला लागला. खालून वर, वरून खाली. तुझं धान काळ्या तुसाचं, गावात तेवढं तुझ्याकडेच उरलं होतं. बाकीच्यांनी दुकानातलं पिवळं धान धरलं होतं. तुझं कोणात मिसळलं नाही, म्हणून तेवढं टिकलं होतं. त्या पिवळ्यात ते असं पसरलं जसे भाकरीवर तीळ.

मग हात झटकून भूमया म्हणाला, "ज्याले हरकत असन त्यानं आपली मूठ उचलून घ्या."

कोणी तरी म्हणालं, "दादा, ढवळाच्या आधी पुसाचं असते न?"

"म्हातारा झालो, इसरलो," भूमया म्हणाला. "घ्या न. कोण अडवून राह्यलं? आपापली पाह्यून घ्या."

चैतूभाऊ टोपलीपाशी आले. वाकले. हात घातला. त्यांनी मूठभर धान वर काढलं, तळहातावर पसरलं. पिवळं, मध्ये काळं. त्यातलं त्यांचं कोणतं, डुल्लोबाईचं कोणतं, तुझं कोणतं? त्यांनी बोटाने दाणे इकडचे तिकडे केले. मग मूठ पुन्हा टोपलीत सोडली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पसरून भूमयापुढे धरला.

"माया वाटा देजो," ते म्हणाले.

आत्या, तू रडली नाहीस. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "दोना घेऊन ये वापस. पळसाची पानं बी काई फुकट नाई येत." पण घरी जाताना तू सरळ गावाच्या मधल्या वाटेने गेलीस. मागच्या वाटेने नाही. मी तुझ्यामागे होते आणि मला चालताना उड्या माराव्याशा वाटत होत्या.

पुढचं तू मला सुट्ट्यांमध्ये सांगितलंस. धान निसवलं तेव्हा सगळ्या गावाच्या बांध्यांमध्ये काळ्या लोंब्या निघाल्या. ज्याच्या त्याच्या. चैतूभाऊ बांधावर येऊन तुला विचारून गेले म्हणे, "बाई, काया लोंब्या उपटून टाकू का? धानात धान वेगळं दिसून राह्यलं." तू म्हणालीस, "तुयी मर्जी." आणि ते डोकं खाजवून म्हणाले, "मंग राहू देतो. वास चांगला येते." हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला खोकला लागला. तो खोकला मग गेलाच नाही. तुझ्या कुठल्याच पाल्याने नाही. मी दवाखान्यात नेते म्हटलं, तर तू माझंच वाक्य मला परत केलंस, "मले पुसलं का आधी?" तरी तू आलीस. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. तू त्या वेळेवर घेतल्यास आणि प्रत्येक गोळीला नावं ठेवलीस.

त्याच दिवसांत रानडुकरांनी तुझा तुकडा नांगरल्यासारखा करून टाकला. तू खाटेवर, बाबा मजुरीला. राखायला कोणी नव्हतं. एक लोंबी उभी राहिली नाही. मला सांगू नका असं तू घरात बजावलं होतंस, परीक्षा आहे म्हणून.

दिवाळीत तू मला विचारलंस, "तुया बायायचा आता कोणता सण?" मी सांगितलं, पीक घरात येतं, थंडी सुरू होते, तेव्हा त्यांचा मोठा सण. मेलेली माणसं त्या दिवशी जवळ येतात असं मानतात, त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवतात.

"आपण तं रोजच पहिला घास ठेवतो."

"तेच म्हणून राह्यली मी, आत्या! सारखंच आहे ना!"

"सारखं दिसते म्हणून एक होत नाई. थे बी धान, हे बी धान. पण ज्याच्या मातीत उगवलं त्याचं." मग माझा पडलेला चेहरा पाहून म्हणालीस, "पण बाया चांगल्या वाटते. भेटल्या तं सांगजो, मंगलीबाईनं पुसलं म्हणून."

मी अजून पूर्ण पटवून घेतलेलं नाही. तो शब्द कोणी तरी धुतलाच पाहिजे, असं मला अजूनही वाटतं. पण निबंधाचं नाव मी बदललं. फळ्यावरून काढून नवीन लिहून दिला. सर म्हणाले, पहिलं नाव जास्त लक्षात राहणारं होतं. मी म्हटलं, सर, म्हणूनच.

तू गेलीस तेव्हा तुला खांदा द्यायला चार माणसं पुरली असती. बाबाला वाटलं होतं चारही मिळणार नाहीत. एवढी आली की वाटेत खांदा बदलायला भांडण झालं. खड्डा चैतूभाऊंनी खणला. मनूच्या शेजारी. कोणी सांगितलं नव्हतं. आणि तुझ्यामागून चालताना मी पाहिलं, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान, पिवळ्या बांध्या, आणि प्रत्येक बांधीत काळ्या लोंब्या डोलत होत्या. डुल्लोबाईच्या, भूमयाच्या, शाळेच्या वाटेवरच्या त्या खडूस घराच्यासुद्धा. मला माहीत आहे अशा वेळी रडायचं असतं. माझी छाती मात्र फुगली होती.

परवा तुझं घर झाडायला गेले, तेव्हा चुलीवर टांगलेला, वाळल्या भोपळ्याचा तुझा बियाण्याचा तुंबा काढला. हलका लागला. आत फक्त धुराचा वास. तेव्हा आईने रानडुकरांचं सांगितलं. तुझ्या आईकडून तुझ्याकडे आलेलं, अकरा वर्षं कोणी शिवलं नाही म्हणून राहिलेलं ते धान, ते तुझ्या घरात संपलं होतं. मी तुंबा पोटाशी धरून ओट्यावर बसले. ढवळलेल्या टोपलीतून आपली मूठ कोणी परत मागू शकत नाही, हा तर आपलाच नियम.

चैतूभाऊ समोरच्या घरातून पाहत होते. उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दुपट्ट्यात काळं धान होतं, वेगळं काढून झोडलेलं, पाखडलेलं.

"धान कापताना काया लोंब्या बाजूले काढत गेलो," ते म्हणाले. "माया एकट्याच्याच नाई. सगळ्यायनं काढून आणून देल्या. धर तो तुंबा नीट."

मी तुंबा धरला. त्यांनी ओंजळीने ओतलं. शेवटचे दाणे दुपट्ट्यातून झटकले आणि विचारलं, "पंडुमले कोण नेईन आता?"

"मी नेईन, भाऊ."

"सुट्टी भेटन का?"

"घेईन."

"उन्हात नोको उभी राहू," ते म्हणाले आणि घरात गेले.

तुंबा मी परत चुलीवर टांगला आहे, आत्या. जड झाला आहे, म्हणून दोरी नवीन बांधली. रोज थोडी चूल पेटवते, धूर लागायला पाहिजे म्हणून. पहिला घास तुझ्यासाठी पानावर ठेवते. मंत्र म्हणत नाही. थांबते थोडा वेळ, तुंब्याला हात लावून, आणि विचारते.